फिटनेस बँडवरचं टार्गेट: आधी मोजा, मग ठरवा

गेल्या तीन-चार वर्षांत घरचे, सोसायटीतले आणि ऑफिसातले मिळून पंधरा-सोळा जणांना मी फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच सुरू करून दिलं. त्यातले बरेचसे दोन महिन्यांत ड्रॉवरमध्ये गेले. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "रोजचं टार्गेट होतच नाही गं."

मग मी ॲप उघडून बघते. टार्गेट दहा हजार. उंची-वजन ॲपने आधीच भरून ठेवलेलं, कोणी बदललेलं नाही. पट्टा बांगडीसारखा सैल. आणि माणूस रोज जेमतेम चार हजार पावलं चालणारा. अशा माणसाची चिकाटी कमी पडलेली नसते, त्याचा क्रम चुकलेला असतो. टार्गेट सगळ्यात आधी ठरवलं जातं, ते खरं पाचव्या टप्प्यावर ठरवायचं असतं.

खाली तोच क्रम दिला आहे. पहिल्या चार टप्प्यांना आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस टार्गेट पूर्ण होतंय की नाही याकडे अजिबात बघू नका.

## टप्पा १: मनगटावर नीट बसवणं

बँडमध्ये दोन वेगळे सेन्सर असतात आणि दोघांच्या चुका वेगळ्या असतात, म्हणून एवढं समजून घ्या. पावलं मोजतो तो ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर. त्याला तुमचे पाय दिसत नाहीत. हात ज्या लयीत हलतो त्यावरून तो पाऊल धरतो. ठोके मोजतात ते मागच्या बाजूचे हिरवे दिवे. हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून ठोक्यांचा आकडा निघतो. मध्ये फट राहिली, घाम साचला किंवा नेमक्या त्या जागी टॅटू असला, की तो आकडा भरकटतो.

१. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, म्हणजे कोपराच्या दिशेला, बँड बांधा. हाडावर नको.

२. हात झटकला तरी सरकणार नाही इतपत घट्ट, पण काढल्यावर खोल वळ दिसणार नाही इतपत सैल ठेवा. जोरात चालताना आणखी एक बोट वर घेऊन पट्टा एक भोक आवळा आणि नंतर परत सैल करा.

३. ज्या हाताने कमी कामं करता त्या हातात घाला. ॲपमध्ये डावा हात की उजवा, असा पर्याय असतो. तिथेही तोच हात निवडा.

बांगड्या घालणाऱ्या बायकांसाठी: माझ्या आईचा बँड बांगड्यांच्या पुढे, तळहाताकडे असायचा. प्रत्येक हालचालीला बांगड्या त्याला ढकलायच्या आणि ठोक्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसायच्या. बँड बांगड्यांच्या मागे, कोपराच्या बाजूला घेतला आणि त्या हातातल्या दोन बांगड्या कमी केल्या, तेव्हा आकडे नीट यायला लागले. तेही जमणार नसेल तर ठोक्यांचा नाद सोडा, पावलांवर भागतं.

इशारा: '५ एटीएम' (बँड पाण्याचा किती दाब सोसतो त्याचं माप) लिहिलं असलं तरी गरम पाणी आणि साबण यांत बँड घालू नका. अंघोळीला जाताना काढा, पट्टा पुसा, चार्जिंगला लावा. रोज तेवढा वेळ मिळाला तर बहुतेक बँडना पुरतो, आणि दमट हवेत पट्ट्याखाली येणारं पुरळही टळतं.

## टप्पा २: ॲप जोडणं आणि खरी माहिती भरणं

१. फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन बँड जोडू नका. आधी कंपनीचं ॲप टाका आणि त्या ॲपमधूनच 'ॲड डिव्हाइस' करा. ब्लूटूथ यादीतून जोडलेला बँड पुष्कळदा ॲपला सापडतच नाही.

२. ॲप परवानग्या मागेल. अँड्रॉइडवर 'निअरबाय डिव्हाइसेस' (जुन्या फोनवर लोकेशन) आणि 'फिजिकल ॲक्टिव्हिटी' या परवानग्या द्याव्याच लागतात. संपर्कयादी आणि कॉलची परवानगी नाकारली तरी पावलं मोजली जातात.

३. बॅटरी सेव्हर. "सिंक होत नाही", म्हणजे बँडवरचे आकडे ॲपमध्ये येत नाहीत, या तक्रारीचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडलं. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी अशा फोनमध्ये मागे चालणारी ॲप फोन स्वतःहून बंद करतो. सेटिंगमध्ये जाऊन बँडच्या ॲपला 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि बॅटरीचं बंधन काढून टाका.

४. वय, उंची, वजन खरं भरा. वजन कमी करून लिहायचा मोह होतो. तसं केलं की कॅलरीचा हिशेब सुरुवातीपासूनच चुकतो.

५. ॲपमध्ये पावलाची लांबी भरायची सोय असेल तर ती मोजूनच भरा. फरशीवर खूण करा, नेहमीच्या चालीने २० पावलं चाला, अंतर टेपने मोजा आणि २० ने भागा. १३ मीटर आलं तर पाऊल ६५ सेंटिमीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे १,५४० पावलं. घड्याळात जीपीएस असेल तर उघड्यावर वीस मिनिटं चालून या, पुष्कळ घड्याळं त्यावरून स्वतःच जुळवून घेतात.

तपासणी: ॲप पूर्ण बंद करा, पाच मिनिटं घरात फिरा, ॲप उघडा. बँडवरचा आणि ॲपमधला आकडा अर्ध्या-एक मिनिटात जुळला तरच पुढे जा.

पावलं एकाच ॲपमध्ये बघायची हेही आत्ताच ठरवून टाका. फोन स्वतःची पावलं मोजतो, बँड स्वतःची. तीन ॲप तीन आकडे दाखवायला लागली की माणूस त्यातला सगळ्यात मोठा धरतो.

## टप्पा ३: शंभर पावलांची परीक्षा

शतपावली आपल्याकडे जेवणानंतर घालतात, इथे ती बँड तपासायला घालायची आहे. बँडवरचा आकडा लिहून घ्या. हात मोकळे सोडून, मनात मोजत, बरोबर १०० पावलं चाला. थांबा, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग आकडा बघा. ही अर्ध्या मिनिटाची कळ काढायलाच हवी, कारण सलग काही पावलं पडल्याशिवाय पुष्कळ बँड मोजणीच सुरू करत नाहीत आणि मग मागची पावलं एकदम जोडतात.

९५ ते १०५ आलं तर उत्तम. ९० च्या खाली किंवा ११० च्या वर सतत येत असेल तर पट्टा आणि हाताची सेटिंग पुन्हा बघा.

आता हीच परीक्षा तुमच्या रोजच्या कामांत घ्या, कारण खरा घोटाळा तिथे होतो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन १०० पावलं, खिशात हात घालून १०० पावलं, ट्रेडमिलचा दांडा किंवा बाबागाडीची मूठ धरून १०० पावलं. हात हलत नसल्यामुळे यात पावलं हरवतात, कधी कधी निम्मी. उलट्या बाजूने, कणीक मळताना, आरतीत टाळ्या वाजवताना आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवताना बँड नसलेली पावलं जोडतो. घरून निघताना आणि ऑफिसला पोचल्यावर आकडा बघा. आमच्या एका सहकाऱ्याला दुचाकीवर बसल्या बसल्या रोज आठ-नऊशे पावलं मिळत होती, आणि चालणं वाढलं असं तो मनापासून समजत होता.

यावर बँडमध्ये फार उपाय नाही. आपल्याला कुठे जास्त मिळतात आणि कुठे कमी, हे वहीत लिहून ठेवा. चूक रोज सारखीच होत असेल तर चढ-उतार तरीही खरा कळतो.

इशारा: कॅलरीच्या आकड्यावर खाणं ठरवू नका. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. त्यातल्या सहांचे ठोके बऱ्यापैकी अचूक निघाले, कॅलरी मात्र एकाचीही बरोबर आली नाही. त्यात सर्वांत बरं होतं तेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. बँडने ३०० कॅलरी दाखवल्या म्हणून दोन बटाटेवडे जास्त घेतलेत, तर हिशेब तुमच्या विरोधातच जाईल.

## टप्पा ४: सात दिवस नुसतं मोजणं

हा टप्पा सगळे गाळतात. मला विचाराल तर पूर्ण लेखात हाच सर्वांत महत्त्वाचा आहे.

सोमवार ते रविवार बँड उठल्यापासून झोपेपर्यंत घाला आणि नेहमीसारखे जगा. मुद्दाम चालायला जाऊ नका, जात असाल तर बंदही करू नका. आठवणी करून देणाऱ्या सगळ्या सूचना बंद ठेवा. रोज रात्री आकडा लिहा आणि शेजारी दोन शब्द: घरून काम, बाजार, पाऊस, लग्न.

समजा सात दिवसांचे आकडे असे आले: ३,९००, ४,२००, ३,६००, ५,१००, ४,०००, ६,८००, २,४००. आता हे चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधला, म्हणजे चौथा आकडा घ्या: ४,०००. हा तुमचा पाया. मी सरासरी काढत नाही, कारण शनिवारच्या एका बाजारफेरीने ती वर चढते आणि पाया आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

तपासणी: एखाद्या दिवशी बँड चार-पाच तास काढून ठेवला असेल तर तो दिवस धरू नका, आठवा दिवस मोजा. आठवड्यात ताप, प्रवास किंवा सण आला असेल तर पूर्ण आठवडा पुन्हा घ्या. लोकलने जाण्याचे दिवस आणि घरून कामाचे दिवस यांत दुपटीचा फरक असेल तर दोन पाये वेगळे लिहा.

## टप्पा ५: टार्गेट ठरवणं

दहा हजार हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात विकल्या गेलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. तो कुठल्या डॉक्टरने तुमच्यासाठी लिहून दिलेला नाही. २०२२ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये १५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात अकाली मृत्यूचा धोका पावलांबरोबर कमी होत गेला, पण साठीच्या पुढच्यांत ६,००० ते ८,००० च्या आसपास आणि साठीच्या आतल्यांत ८,००० ते १०,००० च्या आसपास तो फायदा स्थिरावला. म्हणजे ६८ वर्षांच्या काकूंनी दहा हजारांसाठी गुडघे झिजवायची गरज नाही.

१. पाया अधिक १,००० हे पहिलं टार्गेट. वरच्या उदाहरणात ५,०००.

२. ते दोन आठवडे तसंच ठेवा.

३. आठवड्यातून पाच दिवस गाठलं तर आणखी १,००० वाढवा. नाही गाठलं तर तिथेच राहा.

४. ४,००० वरून ८,००० ला जायला आठ आठवडे लागतील. घाईने वाढवलेली पावलं टाचदुखी आणि नडगीच्या दुखण्याच्या रूपाने परत येतात. अशा दुखण्याने एक महिना घरी बसलेली दोन माणसं माझ्या पाहण्यात आहेत.

काही घड्याळं टार्गेट स्वतःहून वाढवतात-घटवतात. तो 'ऑटो गोल' पहिले दोन महिने बंद ठेवा. ॲपल वॉचमध्ये पावलांऐवजी तीन कडी असतात. त्यातलं 'मूव्ह' हे कॅलरीवर चालतं, तिथेही आधी आठवडाभर मोजून मगच थोडं वाढवायचं.

इशारा: हृदयविकार, छातीत दुखणं, चालताना चक्कर, मधुमेहामुळे पायांना बधिरपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर टार्गेट डॉक्टरांना विचारूनच वाढवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी चालायला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.

## टप्पा ६: पावलं दिवसात पेरणं

रात्री साडेदहाला बँडवर ३,१०० दिसतात आणि मग गॅलरीत येरझाऱ्या सुरू होतात. दोन-चार दिवस माणूस हे करतो, पाचव्या दिवशी झोपतो. टार्गेट चुकतं ते रात्री नाही, सकाळी अकराच्या आत चुकलेलं असतं.

एक माप पाठ करा: बऱ्यापैकी चालीने दहा मिनिटं म्हणजे साधारण १,००० पावलं. वाढवायचे आहेत ते हजार म्हणजे दहा मिनिटं, एवढंच. ती कुठल्या सवयीला बांधायची हे कागदावर लिहा. "वेळ मिळेल तेव्हा चालीन" असं लिहिलंत तर ते होत नाही.

मी बघितलेल्या माणसांत टिकलेल्या जागा या:

सकाळी दूध आणायला जाताना जवळचं दुकान सोडून पुढच्या चौकातलं. रिक्षा दारापर्यंत न आणता कोपऱ्यावर सोडणं. ऑफिसात पाण्याची बाटली लहान ठेवणं, म्हणजे भरायला चार वेळा उठावं लागतं. दहा मिनिटांच्या वरचा फोन बसून न घेणं. आणि रात्रीची शतपावली, जी शंभरावर न थांबवता पंधरा मिनिटं करायची. जेवणानंतरच्या अशा चालण्याने रक्तातली साखर कमी चढते, त्यामुळे घरात कोणाला मधुमेह असेल तर मी हीच जागा सर्वांत आधी सुचवते.

सकाळचा मोठा फेरफटका अनेकांना हवा असतो. जमत असेल तर छानच. पण सगळी पावलं एकाच फेरीवर टाकली की जूनमध्ये पाऊस सुरू होतो, विदर्भात एप्रिल-मेचं ऊन तापतं, आणि टार्गेट एका दिवसात शून्यावर येतं. म्हणून निम्म्याहून जास्त पावलं एका फेरीत ठेवू नका. पावसाळ्यासाठी बंदिस्त जागा आधीच हेरा: पार्किंगचा कोरडा भाग, मोठा हॉल, इमारतीचा लांब व्हरांडा. जिना चढा, पण गुडघे दुखत असतील तर चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट.

तपासणी: दिवसातून दोनदाच बघा. दुपारी १२ ला टार्गेटचा तिसरा हिस्सा, संध्याकाळी ६ ला दोन तृतीयांश. ५,००० चं टार्गेट असेल तर साधारण १,७०० आणि ३,३००. कमी असेल तर लगेच दहा मिनिटं. या दोन वेळांखेरीज मनगट बघायची गरज नाही.

## टप्पा ७: पावलांबरोबर मिनिटंही

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पावलांत नाही, मिनिटांत आहे: प्रौढांनी आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं, किंवा जास्त जोराची ७५ ते १५०, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. घरात इकडेतिकडे झालेली सहा हजार पावलं चांगलीच, पण त्यांतून ही मिनिटं मिळत नाहीत. फिटबिट, गार्मिन यांसारखी उपकरणं ही मिनिटं वेगळी मोजतात आणि जोराच्या व्यायामाचं एक मिनिट दोन धरतात. हा आकडा ॲपच्या पहिल्या पानावर आणून ठेवा.

मध्यम जोर कसा ओळखायचा? चालता चालता वाक्य पूर्ण बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. पावलांत मोजायचं तर मिनिटाला साधारण १००. ठोक्यांत: २२० मधून वय वजा करा आणि त्याचे ६४ ते ७६ टक्के काढा. पन्नाशीच्या माणसाला ते ११० ते १३० च्या आसपास येतात.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल अशा गोळ्या चालू असतील तर ठोके मुळातच कमी राहतात. अशांनी ठोक्यांचा हिशेब सोडून बोलण्याची कसोटीच वापरावी. बँड "जोर कमी पडतोय" म्हणत राहतो आणि माणूस धापा टाकत राहतो, हे माझ्या मामांच्या बाबतीत झालंय. त्यांना थांबवायला आम्हाला उशीर झाला नाही, एवढंच समाधान.

सूर्यनमस्कार, सायकल, पोहणं, वजनं उचलणं यांत पावलं फारशी दिसत नाहीत. सुरू करण्याआधी बँडवर त्या व्यायामाचा मोड हाताने चालू करा आणि संपल्यावर बंदही करा. बंद करायचं राहिलं तर अख्खी संध्याकाळ सायकल चालवल्याची नोंद होते. पोहताना बँडला पोहण्याचा मोड आहे की नाही हे आधी बघा. आणि अशा दिवशी पावलं कमी पडली तर पडू द्या.

## टप्पा ८: सूचना मोजक्या ठेवणं

आता सूचना चालू करा, पण दोनच: बराच वेळ बसल्याची, आणि टार्गेट पूर्ण झाल्याची. फिटबिट तासाला २५० पावलांची आठवण देतो, ॲपल वॉच तासातून एकदा उभं राहायला सांगतं. कामाच्या तासांपुरतं हे ठेवा. व्हॉट्सॲपच्या सूचना बँडवर आणू नका. दिवसभर मनगट थरथरत राहिलं की उठायची सूचनाही त्यात बुडते.

## टप्पा ९: रविवारी दहा मिनिटं

ॲप उघडून आठवड्याचा आलेख बघा आणि तीन गोष्टी लिहा: किती दिवस टार्गेट झालं, कोणता वार सर्वांत कमकुवत, त्या वारी काय होतं. एखाद्याचा बुधवारच दर आठवड्याला पडत असेल तर उपाय बुधवारचा करायचा, पूर्ण आठवड्याचं टार्गेट बदलायचं नाही.

कौटुंबिक ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायची पद्धत पडली आहे. एकमेकांना उत्साह देण्यापुरतं ठीक. पण वेगवेगळ्या कंपन्यांचे बँड एकाच चालण्याचे वेगवेगळे आकडे देतात, त्यामुळे वहिनींचे नऊ हजार आणि तुमचे सात हजार ही तुलना होऊच शकत नाही. तुलना स्वतःच्या मागच्या महिन्याशी करा.

इशारा: ताप, जुलाब, पाय मुरगळणं, रात्रभर जागरण, अशा दिवशी टार्गेट सोडून द्या. सलग दिवसांची साखळी तुटेल म्हणून तापात चालणारी माणसं मी बघितली आहेत. ॲपमध्ये 'पॉज'ची सोय असेल तर वापरा, नसेल तर बँड काढून ठेवा. आजारातून उठल्यावर आधीच्या टार्गेटच्या निम्म्याने सुरुवात करा. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक घाम असं काही झालं तर बँडवरचे ठोके बघत बसू नका. ते व्यवस्थित दिसले तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

## बँड बदलला तर

दीड-दोन वर्षांनी पट्टा तुटतो, बॅटरी उतरते, नवा बँड येतो. पहिल्याच दिवशी पावलं हजाराने वाढतात किंवा घटतात, आणि माणूस खूश तरी होतो नाहीतर खचतो. नवा बँड आला की टप्पा ३ ची शंभर पावलांची परीक्षा पुन्हा घ्या. जुना चालू असेल तर दोन-तीन दिवस दोन्ही एकाच हातात घाला आणि रात्री दोन्ही आकडे लिहा. नव्यावर सतत ८०० जास्त येत असतील तर टार्गेटही ८०० ने वाढवून ठेवा. जुन्या ॲपमधली नोंद हवी असेल तर खातं बंद करण्याआधी ती उतरवून घ्या, आणि जुना बँड कोणाला द्यायचा असेल तर तो आधी तुमच्या ॲपमधून काढा, नाहीतर पुढच्या माणसाच्या फोनला तो जोडलाच जात नाही.